जखमेत मित्र, मेंदूत शत्रू

वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे गोपाळगडाजवळ अंजनवेल हे गाव आहे. ओहोटीच्या वेळी तिथल्या खडकांवर अनवाणी गेलेल्या मुलाच्या पायाला कालवाची कड लागली, तर काय होते? आधी रक्त येते. थोड्या वेळाने ते आपोआप थांबते. संध्याकाळी मात्र ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते.

रक्त थांबले ते गोठल्यामुळे. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी रोममधील सेल्सस या लेखकाने ती नोंदवून ठेवली आहेत. गोठण्याने वाट बंद होते आणि दाहाने जंतूंचा समाचार घेतला जातो. म्हणून शरीरात ही दोन्ही कामे हातात हात घालून चालतात.

रक्त गोठताना आधी रक्तपट्टिका जखमेपाशी चिकटतात. मग फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचे जाळे त्यांच्यावर विणले जाते आणि गुठळी तयार होते. हे धागे ज्यापासून बनतात ते फायब्रिनोजेन यकृतात तयार होते. शरीरात कोठेही दाह असला, की यकृताला रासायनिक निरोप पोचतो आणि ते फायब्रिनोजेन जास्त प्रमाणात बनवू लागते. डॉक्टर 'ईएसआर' नावाची तपासणी सांगतात ना? फायब्रिनोजेन वाढले, की तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि नळीत लवकर तळाशी बसतात. त्यावरून दाहाचा अंदाज येतो.

आता हाच दाह मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत आहे असे समजा. धूम्रपान, मधुमेह, उच्च रक्तदाब यांमुळे वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते. निरोगी अस्तर रक्ताला गोठू देत नाही. दाह झालेल्या अस्तराचा हा गुण कमी होतो. शिवाय काही पांढऱ्या पेशी स्वतःच्या डीएनएचे धागे बाहेर फेकून जाळे पसरतात. जंतू पकडण्याची ही युक्ती शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवून दिली. पण त्याच जाळ्यात रक्तपट्टिकाही अडकतात. पक्षाघाताच्या रुग्णांच्या मेंदूतून काढलेल्या गुठळ्यांत ही जाळी सापडली आहेत. २०२० साली कोविडच्या साथीत तीव्र दाह झालेल्या अनेक रुग्णांच्या रक्तात गुठळ्या होताना डॉक्टरांनी पाहिल्या, त्यामागेही दाह आणि गोठणे यांचे हेच नाते होते.

गुठळीने वाट अडली, की त्यापुढच्या मेंदूला प्राणवायू मिळत नाही. मोठी वाहिनी बंद झाली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात असा अंदाज आहे. त्यालाच आपण 'अंगावरून वारे गेले' असे म्हणतो. मेलेल्या पेशींमुळे तिथे पुन्हा दाह होतो आणि इजा वाढत जाते.

फायब्रिनचे धागे विरघळवणारे औषध उपलब्ध आहे. ते साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. मात्र डीएनएचे धागे त्याने विरघळत नाहीत, म्हणून काही गुठळ्या चिवट ठरतात. त्यांवर उपाय शोधण्याचे काम चालू आहे. काही रुग्णांत गुठळी न होता रक्तवाहिनी फुटलेली असते. त्यांना हेच औषध घातक ठरेल. म्हणून आधी सीटी स्कॅन करतात, आणि म्हणूनच घरी कोणतीही गोळी देऊ नये.

अंजनवेलहून मोठ्या रुग्णालयात पोचायला वेळ लागतो. तेव्हा आजोबांचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात उचलेना किंवा बोलणे अडखळू लागले, तर 'थोडे पडू द्या, बरे वाटेल' असे कोणी म्हणाले तरी थांबू नका. घड्याळात किती वाजले ते लिहून ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. साडेचार तासांचे गणित तुम्ही लिहिलेल्या त्या वेळेपासूनच सुरू होते.

विचार करा : रक्त अजिबात गोठलेच नसते, तर कालव लागलेल्या मुलाचे काय झाले असते?