भाचेबुवा, पिशवीची गाठ सोडू नका

ताई फोनवर सांगत होती, छकुलीचा मासा पेटीत मावेना, म्हणून तू रविवारी त्याला उजनी धरणात सोडणार आहेस. थांब जरा, चहा पी. तुझ्या वयाचा असताना मीही हे पुण्य केलंय; पाच मासे सोडून छाती फुगवून घरी आलो होतो. पुढे जे कळलं ते ऐक.

१. पेटीतला मासा पेटीतच म्हातारा होऊ दे, नाहीतर दुकानदाराला परत दे — पिशवीतला मासा मागे फिरतो, धरणातला फिरत नाही.

२. काच साफ करतो म्हणून घेतलेला सकर बोटाएवढा दिसतो, पण दीड फुटांपर्यंत वाढतो, हे घेतानाच विचारात घे — हा गडी मूळचा दक्षिण अमेरिकेतला. उजनीत त्याला हेलिकॉप्टर म्हणतात. अंगावर चिलखत, पंखांना काटे. जाळ्यात शिरला की जाळं कापल्याशिवाय सुटत नाही, आणि बाजारात त्याला कुणी हुंगत नाही. काठाला बिळं करून अंडी घालतो, ते वेगळंच. कोळ्याचा दिवस असा जातो, बाबा.

३. चिलापी चवीनं खा, पण जिवंत घेऊन दुसऱ्या तळ्यात टाकू नकोस — आई अंडी तोंडात सांभाळते, पिल्लांना भीती वाटली की परत तोंडात घेते. म्हणजे एक मादी नेलीस तर अख्खा पाळणा नेलास. १९५२ साली भारतात आणलेला हा मासा आज भीमेत घरचा झालाय.

४. मांगूर पाळायचा तर देशीच, बीज कुठलं ते चारदा विचारून — आफ्रिकन मांगूर पाळायला २००० सालापासून बंदी आहे. तो हवेतून श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरकतो आणि समोर दिसेल ते गिळतो.

५. डासांसाठी गप्पी हौदात ठीक, ओढ्यात नको — पाहुण्याला ओसरी द्यावी, विहिरीचा दोर देऊ नये.

६. शेततळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लाव, ती पावसाळ्याआधी — पुरात मासा बांध विचारत नाही.

७. रोहू-कटल्याची बोटुकली घेतलीस तर आधी परातीत ओतून बघ — शंभरात एक उपरा असला तरी तोच पुढे मालक होतो.

८. एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाताना जाळं आणि बादली उन्हात खडखडीत वाळव — जाळं वाळलं, विघ्न टळलं. हे मी सर्वांत उशिरा शिकलो, कारण आळस.

९. गळाला अनोळखी मासा लागला तर दया येऊन परत टाकू नकोस. फोटो काढून मत्स्यव्यवसाय खात्याला दाखव — आपल्या इथल्या मरळ, वाम, शिंगटा या माशांचीही दया यायला हवी ना?

छकुलीला सांग, मामाआजोबांच्या हौदात जागा आहे आणि हौदाला जाळीही आहे. रविवारी घेऊन या, झाकणाच्या बादलीतून.