राखेखालचा विस्तव



उन्हाळा लागला की आपल्या भिवंडी तालुक्यात राबाची तयारी सुरू होते. भाताची रोपे टाकायच्या जागेवर शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा आणि गवत पसरायचे, वर बारीक माती टाकायची आणि पावसाआधी ते भाजायचे, ही कोकणपट्टीची जुनी रीत. त्यामुळे तणाचे बी जळते, माती भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते. शेतकरी हे अडाणीपणाने करतो, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. जुनी माणसे राब वाऱ्याच्या उलट दिशेने पेटवीत. त्यामुळे जमीन सावकाश भाजली जाई आणि आगही ताब्यात राही.

मग वणवा लागतो कसा? पुष्कळदा तो पेटवताना लागत नाही, तर पेटवून घरी गेल्यावर लागतो. वरची ज्वाळा विझते, पण शेण आणि लाकूड राखेखाली तासन् तास धुमसत राहते. दुपारी खाडीकडून वारा सुटतो आणि एक ठिणगी बांधावरच्या वाळक्या गवतात जाऊन पडते.

दूरच्या देशाचा धडा

न दिसणारी आग काय करू शकते, हे इंडोनेशियाने 2015 साली अनुभवले. तिथे सुमात्रा आणि कालीमंतान या भागांत पीट नावाची जमीन आहे. दलदलीत हजारो वर्षे न कुजता साठलेल्या झाडपाल्याची ही माती. लागवडीसाठी कालवे खणून तिच्यातले पाणी काढले की ती स्वतःच सरपण बनते. त्या वर्षी मोठा दुष्काळ होता. जमीन मोकळी करण्यासाठी लावलेल्या आगी मातीच्या आत शिरल्या आणि सुमारे 26 लाख हेक्टर क्षेत्र जळाले. धूर सिंगापूर व मलेशियापर्यंत पोचला. पुढे 2016 साली सरकारने पीट जमिनीच्या पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र संस्था नेमली. कालव्यांना बांध घालून जमीन पुन्हा ओली करण्याचे काम हाती घेण्यात आले. गावोगावी शेतकऱ्यांचीच आग-पहारा पथकेही आहेत. आग लागल्यावर धावण्यापेक्षा ती लागू न देणे स्वस्त पडते, हा त्यातला धडा.

आपल्याकडे तशी माती नाही. पण आपल्या तालुक्याला लागून तुंगारेश्वरचे जंगल आहे. 2003 साली ते अभयारण्य झाले. शेतांच्या कडेला आता गोदामे उभी आहेत. बांधावरची आग पूर्वी माळावर जाऊन विझे, आज ती कोणाच्या तरी भिंतीला जाऊन भिडते.

जबाबदारी कोणाची?

‘मी मुद्दाम लावली नाही’ असे आपण सहज म्हणतो. निर्गमाच्या 22व्या अध्यायात नेमका हाच प्रश्न आला आहे. आग काट्याकुट्यांत पसरून शेजाऱ्याचे रचलेले किंवा उभे धान्य जळाले, तर आग लावणाऱ्याने भरपाई द्यावी, असा तिथे नियम आहे. हेतू काय होता, हे तो नियम विचारत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाची जी अंगे सांगितली, त्यांत दूरदृष्टी, परिस्थितीचे भान आणि सावधपणा ही तीन येतात. राब भाजणाऱ्याला ही तिन्ही लागतात.

दूरदृष्टी : पेटवण्यापूर्वी राबाभोवतीचे गवत काढून मातीचा मोकळा पट्टा ठेवावा. वन खाते जंगलात जाळरेषा काढते, तशीच ही आपली जाळरेषा. शक्य असेल तिथे राब न भाजता शेणखत घालून गादीवाफ्यावर रोपे करावीत. चारसूत्री पद्धतीत गिरिपुष्पाचा पाला न जाळता चिखलणीच्या वेळी शेतातच गाडतात.

परिस्थितीचे भान : वारा शांत असताना, सकाळी लवकर भाजावे. एकट्याने भाजू नये. शेजाऱ्याला आधी सांगावे. पाण्याचे पिंप आणि ओल्या फांद्या हाताशी असाव्यात. विजेच्या तारांखाली पेंढ्याची गंजी रचू नये. ओला पेंढाही रचू नये, तो आतून तापतो आणि पेटू शकतो.

सावधपणा : जागा सोडण्याआधी राख उकरून पाणी ओतावे. तळहात राखेच्या जवळ धरावा. ऊब लागली तर विस्तव जिवंत आहे असे समजावे.

मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवणे किंवा नवे गवत चांगले यावे म्हणून डोंगर पेटवणे सोडून द्यावे. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे. आग दिसताच अग्निशमन दलाला 101 वर, जंगलात असेल तर वन खात्याला 1926 वर कळवावे. 112 हा क्रमांकही आहेच.

घरी बोलण्यासाठी

1. आमच्या राबापासून शेजाऱ्याची गंजी, गोठा किंवा घर किती पावलांवर आहे?
2. राब विझला की नाही, हे आमच्या घरात शेवटी कोण पाहतो?
3. यंदा निदान एक वाफा न भाजता करून पाहता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाला ‘कोणीच नाही’ असे उत्तर येत असेल, तर ते काम आजच एकाकडे सोपवावे, ही आमची विनंती.