वृद्ध बंधूंचे लपविलेले दुखणे

उपासनेच्या वेळी काही वृद्ध बंधू नेहमी दाराजवळच बसतात व उपदेश संपण्यापूर्वीच उठून जातात. पुढे ते येईनासेच होतात. त्यांचा विश्वास थंडावला, असे आम्ही पूर्वी समजत असू. अशा एका वडिलांच्या भेटीस गेलो असता खरे कारण कळले. त्यांना तासातासाला लघवीस जावे लागे, आणि ते मुलासुनांस सांगण्याची त्यांना लाज वाटे. सबब या विषयावर उघड लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

पुरुषाच्या मूत्राशयाखाली अक्रोडाएवढी एक ग्रंथी असते. तीस प्रोस्टेट म्हणतात. मूत्रनलिका तिच्यामधून जाते. उतारवयात ही ग्रंथी वाढू लागली म्हणजे नलिका दाबली जाते. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत ही वाढ आढळते. म्हणून हे तारुण्यातील दुर्वर्तनाचे फळ नव्हे, आणि ही वाढ म्हणजे कर्करोगही नव्हे. तथापि कर्करोगातही अशीच लक्षणे दिसू शकतात. यास्तव तपासणी अवश्य करावी.

लक्षणे अशी: रात्री वारंवार उठावे लागणे, लघवी सुरू होण्यास वेळ लागणे, धार बारीक होणे, शेवटी थेंब थेंब गळणे, आणि मूत्राशय रिकामे झाले नाही असे वाटणे. लघवीत रक्त दिसल्यास किंवा लघवीच्या त्रासाबरोबर थंडीताप आल्यास विलंब करू नये. लघवी अजिबात बंद होऊन ओटीपोट फुगले, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे. तेथे नळी घालून मूत्राशय मोकळे करतात. दुर्लक्ष केल्यास मूत्रपिंडे बिघडतात.

कित्येक बंधू या त्रासास भिऊन पाणीच पिणे सोडतात. यवतमाळ जिल्ह्याच्या वैशाखात, कापसाच्या रानात राबणाऱ्यास हे घातक आहे. दिवसा पुरेसे पाणी प्यावे. मात्र निजण्यापूर्वी दोन तास पाणी व चहा टाळावा. मलावरोध होऊ देऊ नये. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडते; त्या वैद्यास विचारल्यावाचून घेऊ नयेत.

डॉक्टर बोटाने ग्रंथी तपासतात, लघवी व रक्त पाहतात, आणि सोनोग्राफी करवितात. एका प्रकारचे औषध नलिकेभोवतीचे स्नायू सैल करते. ते घेणाऱ्याने अंथरुणातून एकदम उठू नये, चक्कर येते. दुसरे औषध ग्रंथी लहान करते. त्यास कित्येक महिने लागतात. औषधाने भागले नाही तर शस्त्रक्रिया आहे. हिंदुस्थानात वैद्यकीय सेवा केलेले आयरिश शस्त्रवैद्य पीटर फ्रेयर यांनी १९०१ साली पोटातून ग्रंथी काढण्याची आपली रीत प्रसिद्ध केली. आता बहुधा पोट न चिरता, मूत्रमार्गातूनच हे काम होते. आपल्या जिल्ह्यात प्रथम ग्रामीण रुग्णालयात दाखवावे; पुढे यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री गर्दीत लपतछपत प्रभूजवळ आली. त्याने तिला लाजविले नाही. तिला कन्या म्हणून शांतीने पाठविले. प्रेषित पौलाचा सोबती लूक हाही वैद्यच होता. मग वैद्याकडे जाण्यात विश्वासाची उणीव कशी?

मंडळीने पुढील प्रश्नांचा विचार करावा:

१. आपल्यातील कोणते वृद्ध बंधू अलीकडे उपासनेस येत नाहीत?

२. त्यांना कोणी एकांतात, आदराने विचारले आहे काय?

३. त्यांच्याबरोबर रुग्णालयात कोण जाईल?