मुंबई ते लंडन : नकाशावरची रेघ आणि तिकिटावरची वेळ
(बी. ए. भाग २)

गेल्या जानेवारीत तेल्हाऱ्यात आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा शिक्षणासाठी लंडनला निघाला. तिकिटावर विमान मुंबईहून सुटण्याची वेळ दुपारी दीड आणि लंडनला पोहोचण्याची पावणेसहा अशी छापलेली होती. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच; त्यामुळे गल्लीतले कागद वाचायला माझ्याकडे येतात. मी वजाबाकी केली आणि ‘सव्वाचार तास’ असे ठासून सांगितले. सहा वाजल्यापासून काकू फोन घेऊन ओट्यावर बसल्या. आठ वाजले, दहा वाजले. घरात कोणी जेवेना. फोन आला तो पावणेबाराला. “कोनतं गणित सांगतलं रे बापू?” एवढेच त्या म्हणाल्या.

चूक अशी की, तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आणि लंडनची शून्य रेखांशावरची. म्हणून हिवाळ्यात तेथील घड्याळ साडेपाच तास मागे असते. सव्वाचारात साडेपाच मिळवले की प्रवास पावणेदहा तासांचा होतो. उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये घड्याळ तासभर पुढे करतात, तेव्हा हा फरक साडेचार तासांचा उरतो.

आता अंतर. भिंतीवरच्या नकाशात मुंबई-लंडन सरळ रेघ ओढली तर ती इराणचे आखात, इराक, तुर्कस्तान यांवरून जाते. परंतु वाचकहो, पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहावा. मी तो भूगोलाच्या वर्गात ताणून पाहिला. दोरा कराचीजवळून इराण, कास्पियन समुद्र, युक्रेन असा उत्तरेकडे वाकत जातो. दिसायला वाकडा, पण सर्वांत जवळचा मार्ग तोच, सुमारे ७,२०० किलोमीटर. नकाशावरची सरळ रेघ त्याहून सुमारे दोनशे किलोमीटर लांब पडते. गोल वस्तू सपाट कागदावर पसरल्याचा हा परिणाम.

अर्थात विमानाला दोऱ्यावरून जाता येतेच असे नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला प्रथम गेले, ते कैरो व जिनिव्हा येथे थांबत. आता थांबण्याची गरज उरली नाही, पण अडथळे वेगळे आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्धामुळे युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. अशा वेळी वळसा पडतो आणि वेळ वाढतो. शिवाय उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे जाताना वारा समोरून, येताना पाठीशी. येण्याला वेळ कमी लागतो.

काकूंचा मुलगा जुलैत येणार आहे. तिकीट त्यांनी पुन्हा माझ्याकडेच आणून दिले, हे विशेष! लंडनहून सकाळी साडेनऊ, मुंबईला रात्री अकरा. साडेतेरातून साडेचार वजा करून नऊ तास, असे मी कागदावर लिहून दिले आहे. पुढे मुंबईहून अकोल्यापर्यंत आगगाडीने साधारण तेवढेच तास लागतात. ते काकूंना तोंडपाठ आहे.