चार फलकांचा संगणक-समूह

ज्वारीचे एक शेत कापावयास एका माणसाला चार दिवस लागत असतील, तर चार माणसे ते एका दिवसात कापतील, असे शाळेतील गणित सांगते. प्रत्यक्ष अनुभव थोडा निराळा असतो. गावापासून शेतापर्यंत चालत जाण्याचा वेळ चौघांनाही सारखाच लागतो; कोणी कोठून कापावयाचे हे ठरविण्यात काही वेळ जातो; आणि एकाचा विळा बोथट असेल, तर उरलेल्या तिघांना बांधावर बसून त्याची वाट पाहावी लागते. अनेक संगणकांकडून एकच काम करून घेण्याच्या शास्त्रात, म्हणजे समांतर संगणनात, नेमके हेच प्रश्न उभे राहतात. मेजावर मावेल असा लहान संगणकांचा समूह स्वतः उभारला, म्हणजे हे प्रश्न अगदी डोळ्यांसमोर येतात.

ही कल्पना नवी नाही. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने १९९१ मध्ये तयार केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक ट्रान्सप्यूटर या जातीच्या अनेक प्रोसेसरांना एकत्र जोडूनच सिद्ध झाला होता. १९९४ मध्ये अमेरिकेतील नासाच्या गॉडार्ड केंद्रात टॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात सहज मिळणारे १६ साधे संगणक इथरनेटने जोडले आणि त्या यंत्रणेला ‘बेओवुल्फ’ असे नाव दिले. पुढे २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये रास्पबेरी पाय हा अल्पमोली संगणक निघाला. त्याच वर्षी साउदॅम्प्टन विद्यापीठात सायमन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ६४ संगणक एकत्र जोडले. त्यांची मांडणी लेगो या खेळण्याच्या ठोकळ्यांनी केली होती.

ज्याचा प्रोसेसर, स्मृती आणि सर्व जोडण्या एकाच लहान फलकावर बसविलेल्या असतात, त्यास एकफलकी संगणक म्हणतात. आपल्या समूहासाठी असे चार फलक पुरेत. २०१९ मध्ये निघालेला रास्पबेरी पाय ४ हा फलक आपण उदाहरणादाखल घेऊ. त्याखेरीज चार स्मृतिपत्रे, पाच जोडण्यांचा एक इथरनेट स्विच, आखूड केबली आणि विद्युत्पुरवठा एवढे साहित्य लागते. प्रत्येक फलकाला ५ व्होल्ट दाबाने ३ अँपिअरपर्यंत प्रवाह मिळावा, म्हणजे चौघांसाठी ६० वॉटची तरतूद असावी. बारीक तारेच्या केबलमध्ये विद्युद्दाब घटतो व फलक मध्येच बंद पडू शकतो; म्हणून येथे काटकसर करू नये.

फलक एकावर एक रचताना त्यांच्यामध्ये खुंट्या बसवून हवा खेळती ठेवावी व बाजूस एक लहान पंखा लावावा. प्रोसेसरचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की तो स्वतःचा वेग कमी करतो. चारांपैकी एकच फलक तापला, तरी इतर तिघे त्याच्या उत्तरासाठी थांबून राहतात. बोथट विळ्याचा दृष्टांत तो हाच.

आता जुळणीकडे वळू. प्रत्येक फलकावर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवून त्यास वेगळे नाव व कायमचा पत्ता द्यावा. चारही ठिकाणी एकाच नावाचे खाते उघडावे. पहिला फलक हा प्रमुख होय. इतरांमध्ये प्रवेश करताना त्याला दरवेळी संकेतशब्द विचारला जाऊ नये, म्हणून एसएसएच किल्ल्यांची व्यवस्था करावी. आज्ञावली प्रमुखाच्या एका सामायिक कप्प्यात ठेवावी, म्हणजे सर्वांना तीच प्रत दिसेल. या फलकावर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज गेल्यावर वेळ चुकते, म्हणून ती जाळ्यावरून जुळवून घ्यावी. शेवटी संदेशांच्या देवघेवीसाठी एमपीआय या प्रमाणित पद्धतीचे साहाय्य देणारा आज्ञावली-संच चारही फलकांवर बसवावा.

पहिला प्रयोग पाय या संख्येचे मूल्य काढण्याचा करू. एकक त्रिज्येच्या वर्तुळाचा चतुर्थांश घेऊन त्याच्या १० कोटी अरुंद उभ्या पट्ट्या कल्पाव्यात. पहिल्या फलकाने १, ५, ९ या क्रमाच्या, दुसऱ्याने २, ६, १० या क्रमाच्या, याप्रमाणे पट्ट्यांची क्षेत्रफळे मोजून बेरीज करावी. अखेरीस तिघे आपापली बेरीज प्रमुखाकडे पाठवितात. एकूण बेरजेची चौपट म्हणजे पाय. येथे सगळ्या कामात प्रत्येकी एकच संख्या पाठवावी लागते. साहजिकच काळ जवळजवळ चतुर्थांशावर येतो, आणि विद्यार्थी हर्षभरित होतो.

दुसरा प्रयोग हा हर्ष थोडा आवरतो. धातूच्या एका पत्र्यावर उष्णता कशी पसरते हे पाहावयाचे आहे. पत्र्याचे १,००० ओळी आणि १,००० स्तंभ असे चौकोन पाडून प्रत्येक फलकाला २५० ओळी दिल्या. प्रत्येक चौकोनाचे नवे तापमान शेजारच्या चौकोनांवर अवलंबून असल्यामुळे दर पायरीला सीमेवरील ओळी शेजारी फलकांना कळवाव्या लागतात. २,५०,००० चौकोनांच्या हिशेबापुढे एकदोन ओळींचा निरोप जड वाटत नाही. पण १०० ओळी व १०० स्तंभांचा पत्रा घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला २,५०० चौकोन येतात. हिशेब क्षणात संपतो आणि निरोपाची वाट पाहण्यातच वेळ जातो. अशा वेळी चार फलक एकट्या फलकापेक्षाही मागे पडू शकतात.

जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. एखाद्या कामास एका फलकावर ६० मिनिटे लागतात व त्यातील ६ मिनिटांचे काम वाटून देता येत नाही, असे समजू. चार फलकांवर ६ अधिक साडेतेरा, म्हणजे साडेएकोणीस मिनिटे लागतील. वेग चौपट न होता सुमारे तिप्पट होईल. नऊ फलकांवर १२ मिनिटे लागतील. हजारो फलक जोडले, तरी ६ मिनिटांच्या आत काम होणार नाही. शेताची वाट प्रत्येकाला चालावीच लागते.

मग एका चांगल्या संगणकाइतकाही वेग नसलेल्या या समूहाचा उपयोग काय, असे कोणी विचारील. उत्तर असे की, मोठ्या महासंगणकाचा प्रत्येक तास मोलाचा असतो आणि शिकणाऱ्याला चुका करण्यासाठी तो कोणी देत नाही. अमेरिकेच्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेलाही ही अडचण जाणवली. २०१७ मध्ये तिने ७५० रास्पबेरी पाय फलकांचा समूह घेतला, तो आज्ञावलीकारांना मुख्य यंत्र न अडविता प्रयोग करता यावेत म्हणून. मेजावरील समूह आपल्याला तेच स्वातंत्र्य देतो.

वाचकाने वरील दोन्ही प्रयोग एक, दोन, तीन व चार फलकांवर, प्रत्येक फलकावर एकच प्रक्रिया चालवून करावेत, आणि लागलेल्या वेळांचा तक्ता मांडावा. वेग जेथे अपेक्षेहून कमी भरेल, तेथे थांबून कारण शोधावे. ते उष्णतेत आहे, निरोपात आहे, की न वाटता येणाऱ्या कामात, हे ज्याला सांगता आले, त्याला समांतर संगणनाचे मर्म कळले असे समजावे.