वय विचारल्याशिवाय फोटो बघू नकोस

पुणे

चि. मृणाल,

वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयात हजर झालीस, बरं वाटलं. (तालुका आता राजगड झाला, पण आमच्या तोंडी वेल्हेच.) सरकारी सेवेच्या बॉण्डचं वर्ष तिकडे काढायचं म्हणजे रेडिओलॉजिस्ट हाताशी नाही. छातीचा एक्स-रे फोटो तूच बघणार आणि आईला काय सांगायचं तेही तूच ठरवणार. म्हणून सांगतो, मुलाचं वय विचारल्याशिवाय फोटो उजेडावर धरू नकोस.

तान्ह्या बाळाच्या फोटोत हृदयाच्या वर, बहुधा उजवीकडे, शिडासारखी तिकोनी सावली दिसते. नवशिक्याला ती न्यूमोनिया वाटते, नाहीतर गाठ. असते थायमस ग्रंथी. तिची कड नीट न्याहाळ. फासळ्यांच्या दाबाने ती हलकी नागमोडी झालेली असते, श्वासनलिकेला ढकलत नाही आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या तिच्यातूनही दिसत राहतात. दोन-तीन वर्षांनंतर ही सावली सहसा दिसत नाही. दहा वर्षांच्या मुलात दिसली तर मात्र गप्प बसू नकोस.

बाळ रडत असतं, फोटो नेमका श्वास सोडताना निघतो, मग फुप्फुसं पांढुरकी आणि हृदय फुगलेलं दिसतं. आधी फासळ्या मोज. पुढच्या पाच-सहा फासळ्या श्वासपटलाच्या वर असतील तर श्वास पुरेसा घेतलाय. अर्भकाचं हृदय छातीच्या रुंदीच्या 60 टक्क्यांपर्यंत भरलं तरी चालतं. मोठ्यांचा 50 टक्क्यांचा नियम त्याला लावू नकोस. खात्री नसताना ‘डाग आहे’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. तेवढ्यावर घरचे उसने पैसे काढून जीप करतात आणि वाडीत टीबीची कुजबुज सुरू होते.

उलटंही ध्यानात ठेव. शेंगदाणा श्वासनलिकेत अडकला तरी एक्स-रेत दिसत नाही, फोटो स्वच्छ येऊ शकतो. खाताना एकदम ठसका लागला असं आई सांगत असेल आणि एका बाजूचा श्वास कमी ऐकू येत असेल, तर फोटोपेक्षा आईवर विश्वास ठेव आणि दुर्बीण तपासणीसाठी पुण्याला पाठव. कोपराचंही तसंच. पडलेल्या मुलाच्या कोपराच्या, बाजूने काढलेल्या फोटोत हाडामागे काळी पट्टी दिसली, तर मोड सापडली नाही तरी हाड मोडलंय असं धरून प्लास्टरचा स्लॅब घाल.

गिळलेलं नाणं आणि बटन सेल दोन्ही गोलच. सेलमध्ये वर्तुळात वर्तुळ दिसतं, बाजूच्या फोटोत कडेला पायरी. अन्ननलिकेत अडकलेला सेल दोन तासांत गंभीर जखम करू शकतो. उलटी काढायची नाही. आधी 108 बोलाव, बाळाला रवाना कर, मग मला कळव.

बाकीचे फोटो, नाव झाकून, रात्री-अपरात्री पाठव. वय आणि तक्रार लिहिलेली नसेल तर मी उत्तर देणार नाही.

तुझा,
काका