अधिक माहिती आणि स्वल्पविराम

मोडीच्या सलग, शब्द न तोडता लिहिलेल्या ओळीत वाक्य कोठे थांबते हे वाचकालाच ठरवावे लागे. मुद्रणाबरोबर विरामचिन्हे रूढ होत गेली. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठी गद्यात रुजविण्यासाठी विशेष प्रयत्न केले. परंतु चिन्ह इंग्रजीतून आले म्हणून त्याचे नियमही जसेच्या तसे लागू पडतात, असे नाही. अधिक माहितीभोवती येणाऱ्या स्वल्पविरामांच्या बाबतीत हे प्रकर्षाने जाणवते.

मराठीत विशेषण बहुधा नामापूर्वी येते. ‘उशिरा आलेले विद्यार्थी बाहेर थांबले’ या वाक्यात सगळेच विद्यार्थी उशिरा आले की काहीच, हे उलगडत नाही; आणि स्वल्पविराम घालून ते उलगडताही येत नाही. त्यासाठी रचनाच बदलावी लागते. ‘जे विद्यार्थी उशिरा आले, ते बाहेर थांबले’ यातील उपवाक्य व्यवच्छेदक आहे. ते काहींना वेगळे काढते. ‘विद्यार्थी, जे उशिरा आले होते, बाहेर थांबले’ यात तेच उपवाक्य निव्वळ वर्णनपर होते. पहिल्या वाक्यातील स्वल्पविराम ‘जे–ते’ या जोडीचा सांधा दाखवितो. दुसऱ्यातील दोन स्वल्पविराम कंसाचे काम करतात. चिन्ह एक असले तरी कार्ये दोन आहेत, आणि अध्यापनात ती एकाच नियमाखाली कोंबणे इष्ट नव्हे.

हा भेद केवळ शैलीचा नाही. ‘परीक्षार्थी, ज्यांनी शुल्क भरलेले नाही, परीक्षेस बसू शकणार नाहीत’ अशी सूचना लागली, तर काटेकोर वाचनात एकाही परीक्षार्थ्याने शुल्क भरलेले नाही आणि कोणालाच परीक्षेस बसता येणार नाही, असा अर्थ होतो. ‘ज्या परीक्षार्थ्यांनी’ असा आरंभ केला असता तर हा घोटाळा टळला असता.

मराठीचा आणखी एक विशेष विभक्तीचा आहे. ‘मोरो केशव दामले, शास्त्रीय मराठी व्याकरण (१९११) या ग्रंथाचे कर्ते, यांनी’ या रचनेत प्रत्यय नामाला न लागता ‘यांनी’वर जातो. म्हणून दुसरा स्वल्पविराम ‘यांनी’च्या अलीकडेच हवा. प्रबंधांतून नेमका तोच गळतो, आणि मग ‘यांनी’ हे पद दामल्यांऐवजी ‘कर्ते’ या शब्दाला जाऊन चिकटते. उपाधी नामापूर्वी आली, जसे ‘व्याकरणकार मोरो केशव दामले यांनी’, तर मात्र एकाही स्वल्पविरामाची गरज उरत नाही.